अर्ध्या ग्रॅमचा हिशेब: मॅच पेलेटचं वजन, माप आणि निवड

१० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो. ४.५ मिमीच्या पेलेटची, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळीची, कड त्याला टेकली की १०.० मिळतात, म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत हवा. तिथून आत प्रत्येक दशांशाला पाव मिलिमीटर लागतो. १०.५ साठी १.२५ मिमीच्या आत, १०.९ साठी ०.२५ मिमीच्या आत. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत जगज्जेतेपद मिळवलं ते याच प्रकारात. ६० शॉट्सच्या पात्रता फेरीत फायनलची आठवी जागा कोणाची, हे कित्येकदा एकदोन दशांशांवर ठरतं. त्यामुळे पेलेटचा डबा उघडून एकेक पेलेट काट्यावर ठेवणारे नेमबाज बालेवाडीपासून कोल्हापूरपर्यंत सगळीकडे भेटतात.

मात्र काटा विकत घेण्याआधी वजनातल्या फरकाने टार्गेटवर नेमकं किती बिघडतं, ते पाहून घ्यावं.

रायफलचं मॅच पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचं, म्हणजे ८.१८ ग्रेनचं असतं (१ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम). नळीतून ते सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने निघतं आणि १० मीटर कापायला त्याला सुमारे ०.०६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ते नळीच्या रेषेपासून साधारण १८ मिमी खाली येतं. रायफल प्रत्येक पेलेटला तेवढीच ऊर्जा देते असं धरलं, तर वजन १ टक्का वाढल्यावर ही घसरणही १ टक्का वाढते, म्हणजे ०.१८ मिमी. प्रत्यक्षात जड पेलेट हवेची ऊर्जा किंचित जास्त घेतं, त्यामुळे फरक याहूनही थोडा कमीच पडतो. ०.५३ ग्रॅमचा १ टक्का म्हणजे ०.००५ ग्रॅम. थोडक्यात, ५ मिलिग्रॅमचा फरक एका दशांशाच्या पायरीलाही पुरत नाही. त्यातून १ मिलिग्रॅमचे कप्पे पाडत बसणं म्हणजे काट्याची करमणूक.

म्हणून वजन करायचं ते डब्यातली वेगळी पडणारी पेलेट बाहेर काढण्यासाठी. हलकं पेलेट बहुधा स्कर्टला, म्हणजे मागच्या पोकळ, पातळ घेराला, कमी पडलेलं असतं किंवा आत पोकळी राहिलेली असते. जड पेलेटच्या पोटात अनेकदा शिशाची कपची अडकलेली सापडते. अशा पेलेटचा तोलही एका बाजूला गेलेला असतो, आणि फिरत जाणाऱ्या पेलेटचा तोल गेला की ते कुठल्या दिशेला भरकटेल याचा नेम नसतो. शॉट वाया घालवतं ते हे, घसरणीतला ०.१८ मिमीचा फरक नव्हे.

पिस्तूलवाल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकू. एअर पिस्तूलच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी असतो, म्हणजे पेलेटचा मध्य ८ मिमीच्या आत आला तरी दहा मिळतात. तिथे वजनाने निवड करण्यात वेळ घालवू नये. वाकलेले स्कर्ट नजरेने काढून टाकले की पुरे. रायफलमध्येही ज्यांची सरासरी अजून १०.० च्या खाली आहे, त्यांनी ही संध्याकाळ ड्राय फायरिंगला, म्हणजे पेलेट न भरता करायच्या सरावाला, द्यावी.

काटा कोणता घ्यावा

०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा या कामाला निरुपयोगी आहे. त्याची एक पायरीच जवळजवळ २ टक्क्यांची. ०.००१ ग्रॅम दाखवणारा, २० किंवा ५० ग्रॅम क्षमतेचा, वाऱ्यापासून आडोसा देणारं झाकण असलेला काटा हवा. सराफ खड्यांसाठी वापरतात तो प्रकार. पारडं शक्यतो धातूचं असावं.

सराफी काट्यावर युनिट बदलायचं बटण असतं आणि त्यावर चुकून बोट पडतं. ०.५३० ग्रॅमचं पेलेट कॅरेटमध्ये २.६५ दिसतं, ग्रेनमध्ये ८.१८. आकडा भलताच दिसला तर आधी कोपऱ्यातलं युनिट पाहावं. काम ग्रॅममध्येच करावं. ग्रेनमध्ये काट्याची पायरी ०.०१५ ग्रेनची पडते, ती स्क्रीनवर विचित्र उड्या मारत दिसते आणि माणूस नसलेल्या फरकाचा विचार करत बसतो.

काट्याबरोबर २० किंवा ५० ग्रॅमचं कॅलिब्रेशनचं वजन मिळतं. त्याशिवाय ५०० मिलिग्रॅमचं, एफ१ या अचूकतेच्या वर्गाचं एक छोटं वजन वेगळं घ्यावं. या वर्गात ५०० मिलिग्रॅमला ०.०८ मिलिग्रॅम चुकीची सूट असते. एम१ वर्गात तीच ०.८ मिलिग्रॅम, म्हणजे काट्याच्या एका पायरीच्या जवळ जाते. पेलेटच्या वजनाच्या जवळचं वजन हाताशी असलं की काम चालू असताना काटा कुठे सरकतोय हे लगेच कळतं. हे वजन बोटांनी उचलू नये. घामाचा डाग पडला की त्याचं वजन कायमचं बदलतं.

कॅलिब्रेशनबद्दल विनाकारण धास्ती असते. २० ग्रॅमच्या एम१ वजनात २.५ मिलिग्रॅमची चूक असली, तरी ०.५३ ग्रॅमच्या पेलेटवर तिचा परिणाम ०.०७ मिलिग्रॅमसुद्धा होत नाही. शिवाय इथे पेलेटची तुलना पेलेटशीच आहे. सगळी पेलेट सारख्याच प्रमाणात चुकीची दिसली तरी निवड बरोबरच होते. घात करतं ते शून्याचं सरकणं आणि तेच पेलेट दुसऱ्यांदा ठेवल्यावर वेगळा आकडा येणं.

जागा

मिलिग्रॅम काट्याचा आपल्याकडचा पहिला शत्रू म्हणजे छताचा पंखा. झाकण बंद असलं तरी पंखा चालू ठेवू नये. एसीचा झोत थेट टेबलावर येत असेल तर तोही बंद. खिडकी बंद, मोबाइल दोन हात लांब. काही स्वस्त काटे मोबाइल जवळ असला की आकडा हलवतात.

टेबल डगमगतं नको. प्लायवूडच्या टेबलावर कोपर टेकला तरी फळी वाकते आणि आकडा बदलतो. कडाप्पा किंवा ग्रॅनाइट उत्तम. पण म्हणून स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करायचं नाही. पेलेट शिशाची असतात. दगडवाल्याकडून फूटभर चौरस तुकडा आणावा, त्याखाली पातळ रबर टाकावं आणि तो याच कामासाठी वेगळा ठेवावा. काट्याला पाणसळीचा बुडबुडा असेल तर पाय फिरवून तो मधोमध आणावा.

थंडीत, त्यातही विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत, स्थिर विजेचा त्रास होतो. प्लॅस्टिकच्या पारड्याजवळ हात नेला की आकडा ३-४ मिलिग्रॅमने झुलतो. सिंथेटिक कपडे टाळावेत, काट्याखाली आणि भोवती प्लॅस्टिक ठेवू नये, पारडं किंचित दमट कापडाने पुसून कोरडं होऊ द्यावं. पावसाळ्यात ही कटकट नसते.

काम सुरू करण्याआधी

काटा चालू करून अर्धा तास तसाच राहू द्यावा. त्याच खोलीत पेलेटचा डबाही ठेवावा. गाडीत तापलेला डबा आणून लगेच काट्यावर ठेवला तर पारड्याभोवतीची हवा हलते आणि आकडा स्थिर होत नाही.

मग कॅलिब्रेशन करावं आणि ५०० मिलिग्रॅमचं वजन ठेवून पाहावं. ०.४९९ ते ०.५०१ च्या आत आकडा आला तर पुढे जायचं.

आता सगळ्यात महत्त्वाची आणि बहुतेक जण सोडून देतात ती चाचणी. एकच पेलेट घ्या, पारड्याच्या मधोमध ठेवा, झाकण बंद करा, आकडा थांबला की लिहा, पेलेट उचला, शून्य परत आलं का पाहा. असं दहा वेळा. समजा आकडे ०.५३१, ०.५३२, ०.५३१, ०.५३१, ०.५३०, ०.५३२ असे येत गेले, तर काट्याची स्वतःची अनिश्चितता २ मिलिग्रॅमच्या पट्ट्यातली आहे. अशा काट्यावर २ मिलिग्रॅमचे कप्पे करणं व्यर्थ आहे, कारण तेच पेलेट दोनदा वजन केलं तर दोन वेगळ्या कप्प्यांत पडेल. कप्पा या पट्ट्याच्या किमान दुप्पट-अडीचपट रुंद हवा. म्हणजे ५ मिलिग्रॅम. वरच्या हिशेबात १ टक्का म्हणजेही तेवढंच आलं होतं, त्यामुळे ५ मिलिग्रॅमपेक्षा बारीक जाण्याचं कारण दोन्ही बाजूंनी उरत नाही.

दहा आकड्यांचा पट्टा ४ मिलिग्रॅमच्या पुढे गेला तर आधी वारा आणि टेबल तपासा, मग बॅटरी बदला. तरीही सुधारलं नाही तर तो काटा या कामाचा नाही.

वजनाच्याही आधी नजर

डबा उपडा करून ओतू नये. शिसं मऊ असतं. पाचशे पेलेट एकमेकांवर आपटली की सगळ्यात आधी स्कर्टची पातळ कड चेपते. मऊ कापड अंथरलेल्या ट्रेमध्ये डबा आडवा करून पेलेट हळूच सरकू द्यावीत, एका वेळी शंभरएक. दिवा बाजूने मारावा, वरून नको. बाजूच्या उजेडात कडेचा खळगा सावलीने उठून दिसतो.

प्रत्येक पेलेट स्कर्टच्या बाजूने पाहायचं. कड अंडाकृती झालेली, खाच पडलेली, पोटात कपची अडकलेली, अशी सगळी थेट बाद. टूथपिकने स्कर्ट गोल करायचा प्रयत्न करू नये. दिसायला ते ठीक दिसतं, पण तिथली कड ताणून पातळ झालेली असते. मग पेलेट उलटवून हेड, म्हणजे पुढचं तोंड, पाहावं. सपाट हेडच्या कडेला बोचरी सळ असेल तर तेही बाजूला.

उचलायला प्लॅस्टिकचा किंवा बांबूचा चिमटा, आणि पकडायचं ते कंबरेत, म्हणजे मधल्या बारीक भागात. स्टीलच्या टोकदार चिमट्याने स्कर्ट धरला की आपणच खोट निर्माण करतो.

पेलेट धुवायची का, हा प्रश्न हमखास येतो. मॅच पेलेटवर कारखान्यातूनच तेलाचा किंवा ग्रॅफाइटचा अतिशय पातळ थर येतो. साबणाने किंवा स्पिरिटने धुतलं की तो जातो, मग शिसं लवकर काळवंडतं, नळीत जास्त बसतं आणि परत काहीतरी लावावं लागतं. प्रत्येक पेलेटवर ते सारखं लागेल याची हमी कोण देणार? मॅचच्या डब्यातली पेलेट धुवू नयेत.

वजन करताना

आधी डब्यातून ५० पेलेट अशीच उचलून वजन करावीत आणि आकडे कागदावर खुणांनी मांडावेत. ०.५२८ समोर एक रेघ, ०.५३१ समोर एक रेघ, याप्रमाणे. चांगल्या मॅच डब्यात बहुतेक रेघा १० मिलिग्रॅमच्या पट्ट्यात गोळा होतात. जिथे सगळ्यात दाट गर्दी दिसते तो तुमचा मध्य. डब्यावर छापलेल्या ०.५३ वर मध्य धरू नये. एखाद्या लॉटचा (एकाच खेपेत बनलेल्या मालाचा) मध्य ०.५३४ असतो, एखाद्याचा ०.५२७, आणि त्यात काही वाईट नाही.

समजा मध्य ०.५३१ आला. मग ०.५२९ ते ०.५३३ हा मुख्य कप्पा. ०.५२४ ते ०.५२८ हलका, ०.५३४ ते ०.५३८ जड. त्याच्या बाहेरचं सगळं बाद, म्हणजे वॉर्म-अपसाठी. तीन वाट्या आणि एक बादचा डबा, एवढीच मांडणी. पाच-सहा वाट्या करणाऱ्यांच्या शेवटी दोन वाट्यांत तीस-तीस पेलेट उरतात, त्यांचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

पेलेट पारड्यावर ठेवायचं ते मधोमध आणि दरवेळी त्याच स्थितीत, हेड खाली टेकवून उभं. आडवं ठेवलं तर घरंगळतं. एका बैठकीत पारडं साफ करायला काढलं तर परत शून्य करून ५०० मिलिग्रॅमचं वजन ठेवून पाहायचं. दर दहा पेलेटनंतर पारडं रिकामं करून शून्य पाहावं. ०.००१ दिसलं तर टेअर (शून्य करायचं बटण) दाबून पुढे, ०.००३ किंवा जास्त दिसलं तर मागची दहा पेलेट परत. दर पन्नासला ते छोटं वजन. हे जाचक वाटतं, पण शून्य हळूहळू सरकत गेलं की शेवटची दोनशे पेलेट ‘जड’ निघतात आणि माणूस लॉटला दोष देतो.

आकडा थांबायच्या आत उचलण्याची घाई हा दुसरा दोष. बहुतेक काट्यांवर आकडा स्थिर झाला की कोपऱ्यात छोटी खूण येते, ती येईपर्यंत थांबावं. सात सेकंदांना एक पेलेट हा वेग धरला तर ५०० च्या डब्याला तासभर लागतो. एका बैठकीत २५० पुरेत. डोळे थकले की ३ आणि ८ मध्ये गल्लत होते.

हेडचं माप

इथे मात्र जास्त लक्ष द्यावं. पेलेटचं हेड नळीतल्या उंचवट्यांवर टेकून चालतं आणि स्कर्ट हवेच्या दाबाने फुगून नळी बंद करतो. हेड नळीला सैल असेल तर पेलेट किंचित तिरकं निघू शकतं. फार घट्ट असेल तर शिसं जास्त घासतं आणि वेग बदलतो. म्हणून मॅच पेलेट ४.४८ पासून ४.५२ मिमीपर्यंत ०.०१ च्या पायऱ्यांत मिळतात आणि डब्यावर तो आकडा छापलेला असतो. कोणता आकडा चांगला, याला सार्वत्रिक उत्तर नाही. तुमच्या नळीला कोणता मानवतो एवढंच विचारता येतं. दोन शेजारच्या लेनवरच्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या रायफलींची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

छापलेला आकडा घरी तपासायचा मोह होतो आणि वर्कशॉपमधला व्हर्नियर पुढे येतो. ०.०२ मिमी लघुतम मापाच्या व्हर्नियरने ०.०१ चा फरक कळणं शक्यच नाही. मायक्रोमीटरला पायरी आहे, पण त्याचा दाब मऊ शिशाला सपाट करतो आणि मोजणाऱ्याचा हात बदलला की माप बदलतं. याला उपाय म्हणजे भोकांची पट्टी: ०.०१ मिमीच्या फरकाने अचूक भोकं पाडलेली धातूची गेज प्लेट. पेलेट हेड खाली करून स्वतःच्या वजनाने टाकायचं, ढकलायचं नाही. ज्या सगळ्यात लहान भोकातून हेड जातं, ते त्याचं माप. एका डब्यातली वीस पेलेट अशी पाहिली तर बहुतेक दोन शेजारच्या भोकांत वाटली जातात. चार भोकांत पसरली तर तो डबा सरावाला ठेवावा.

पट्टी नसेल तर काचेवरची चाचणी आहे, आणि ती फुकट आहे. फूटभर काच एका बाजूने सेंटिमीटरभर उचलून ठेवा. वरच्या कडेला पट्टी टेकवून पेलेट तिथून आडवं सोडा. स्कर्ट हेडपेक्षा रुंद असल्यामुळे पेलेट सरळ न घरंगळता हेडच्या बाजूला वळत कमान घेतं. कमान किती वळली ते हेड आणि स्कर्टच्या व्यासातल्या फरकावर अवलंबून. सारखी पेलेट खालच्या कडेला जवळजवळ एकाच जागी पोचतात. जे चार बोटं बाजूला पडतं त्याचं हेड किंवा स्कर्ट वेगळा आहे. जे लटपटत येतं त्याची कड वाकलेली आहे, मग नजरेला ते कितीही गोल वाटो. वजनाच्या काट्याला न दिसणारं बरंच काही ही काच दाखवते. काच धूळरहित हवी आणि सोडताना बोटाने ढकललं जाऊ नये.

लॉटची चाचणी

इथवर केलेलं सगळं चुकीच्या लॉटवर केलं तर त्याचा उपयोग नाही. म्हणून क्रम उलटा हवा: आधी नळीला मानवणारा लॉट शोधायचा, तो पुरेसा घ्यायचा आणि मग त्यातली पेलेट निवडायची. शक्य असेल तर विक्रेत्याकडून चार मापांचा एकेक डबा घ्यावा आणि प्रत्येकावरचा लॉट क्रमांक लिहून ठेवावा. त्याच ब्रँडचं, त्याच मापाचं, पण पुढच्या लॉटचं पेलेट वेगळं वागू शकतं, कारण साचे झिजतात आणि बदलले जातात.

रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवावी. क्लॅम्प हवेच्या सिलिंडरवर येऊ नये. सिलिंडरचा दाब उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत असावा आणि चाचणीत फार खाली जाऊ देऊ नये. स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) स्क्रू मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळलेले हवेत, कारण सैल स्क्रूमुळे पसरलेला ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या भोकांचा पुंजका, पेलेटच्या माथी मारला जातो. नळी नुकती साफ केली असेल तर आधी २०-३० पेलेट नुसती मारावीत. एका मापावरून दुसऱ्यावर जाताना दरवेळी दहाएक पेलेट सोडून मगच ग्रुप मोजायला घ्यावा.

ग्रुप दहा शॉट्सचा. पाच शॉट्सचा ग्रुप फसवतो. कुठल्याही सामान्य लॉटमधून एखादा सुंदर पाचाचा ग्रुप निघतोच आणि माणूस त्या कार्डाच्या प्रेमात पडतो. प्रत्येक मापाचे किमान तीन ग्रुप, आणि तेही सलग नाही. चार मापं असतील तर आधी अ, आ, इ, ई या क्रमाने, मग उलट ई, इ, आ, अ, मग परत सरळ. दाब, तापमान, नळीतलं शिसं यांत हळूहळू जे बदलतं ते मग एकाच मापाच्या वाट्याला येत नाही. वर दिलेल्या संख्यांनी हे १२० मोजलेले शॉट आणि जवळपास तेवढेच नुसते सोडलेले होतात. सकाळ जाते, पण वर्षभराची खरेदी ठरते.

मोजताना कार्डावरच्या भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सगळ्यात जास्त अंतर व्हर्नियरने घ्यावं. त्यातून त्याच कार्डावर मारलेल्या एकट्या भोकाचा व्यास वजा करावा. पेलेटचा ४.५ मिमी वजा करू नये, कारण कागदातलं भोक दाबून परत मिटतं आणि जरा लहान दिसतं. उरलेलं अंतर म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंतचा पसारा. तो २ मिमी असेल तर पूर्ण केंद्रित नेमालासुद्धा कडेचे शॉट मध्यापासून १ मिमीवर जातात, म्हणजे १०.६. पसारा १ मिमी असेल तर १०.८. नेमबाजाची स्वतःची चूक यावर चढायची असते. तीन ग्रुपची सरासरी घ्यावी आणि सगळ्यात वाईट ग्रुपकडेही पाहावं. सरासरी सारखी असेल तर ज्याचा वाईट ग्रुप कमी वाईट तो लॉट निवडावा.

निवडलेल्या लॉटवर एक शेवटचा पडताळा करता येतो. मुख्य कप्प्यातली तीस आणि न निवडलेली तीस पेलेट, दहा-दहाच्या ग्रुपमध्ये आलटून पालटून. फरक दिसला नाही तर तुमचा डबा मुळातच चांगला आहे. मग पुढच्या डब्यांना नजर आणि काच एवढंच पुरे, काटा कपाटात.

शिसं आणि साठवण

शिशाची भुकटी बोटांवरून तोंडात जाते, धोका तोच. काम करताना खाणं, चहा, तंबाखू काही नाही. नायट्राइलचे हातमोजे घातले तर पेलेटला घामही लागत नाही. संपल्यावर हात साबणाने धुवावेत, टेबल ओल्या फडक्याने पुसावं. कोरडा झाडू मारू नये, तो भुकटी हवेत उडवतो. ज्या काट्यावर पेलेट ठेवली त्यावर केशर किंवा औषध कधीही मोजायचं नाही. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत. वॉर्म-अपलाही न लागणारी बाद पेलेट वेगळ्या झाकणाच्या डब्यात साठवून भंगारात शिसं म्हणून द्यावीत, ओल्या कचऱ्यात टाकू नयेत.

निवडलेली पेलेट मूळ डब्यातच, वर फोमची चकती घालून, डबा हलवला तरी खुळखुळणार नाहीत अशी ठेवावीत. किनारपट्टीच्या दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी चढते. डब्यात सिलिका जेलची छोटी पुडी टाकावी आणि पुडी ओली झाली की बदलावी. पांढुरकी झालेली पेलेट पुसून मॅचला वापरू नयेत.

डब्यावर चिठ्ठी: लॉट क्रमांक, हेडचं माप, वजनाचा कप्पा, निवडीची तारीख. मॅचच्या दिवशी ६० शॉट्ससाठी ६० नव्हे तर ८० पेलेट खाचांच्या ट्रेमध्ये स्कर्ट वर करून लावून न्यावीत, कारण एखादं हातातून पडतं आणि जमिनीवर पडलेलं पेलेट परत उचलून नळीत घालायचं नसतं. सायटिंग शॉट्सनासुद्धा (साइट जुळवण्यासाठी आधी मारायच्या, न मोजल्या जाणाऱ्या शॉट्सना) त्याच लॉटची, त्याच कप्प्यातली पेलेट वापरावीत. बादच्या डब्यातल्या पेलेटवर साइट जुळवली तर पहिला मोजलेला शॉट भलतीकडेच जातो.